आकाशगंगेचा अव्वल कारकून

सुटीच्या दिवशी दुपारी बरोबर साडेचार वाजता माझ्या पुतण्याचे विश्व बंद पडते, आणि तेवढ्यापुरता तो आमच्या विश्वात चहा प्यायला येतो. त्याचे हे दुसरे विश्व साडेसात हजारांहून अधिक सूर्यमालांचे आहे. त्याचा कारभार आइसलंडच्या राजधानीतील, म्हणजे रेक्याविकमधील, सीसीपी नावाची कंपनी २००३ सालापासून पाहत आली आहे. त्याचे नाव 'ईव्ह ऑनलाइन'. आणि ज्या यंत्रांच्या उदरात ते नांदते ती यंत्रे लंडन शहरात आहेत. या यंत्रसमूहास 'ट्रँक्विलिटी', म्हणजे प्रशांती, असे नाव ठेवलेले असून त्यात अहोरात्र युद्धे चालतात. आपल्याकडेही 'शांतिनिवास' नावाच्या इमारतीतच जिन्यावरची भांडणे अधिक होतात, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. ग्रिनिचच्या घड्याळात सकाळचे अकरा वाजले, की झाडलोट आणि दुरुस्ती यांसाठी ती सबंध आकाशगंगा बंद करण्यात येते. पूर्वी हा बंद तासभर असे. आता तो काही मिनिटांत आटोपतो, त्यामुळे आमच्या घरचा चहाही अलीकडे घाईचा झाला आहे.

मी स्वतः चौतीस वर्षे तालुक्याच्या एका महसूल कचेरीत काढली आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. संगणकाशी माझा संबंध नोकरीच्या अखेरच्या काही वर्षांत आला, तोही सातबाराचे उतारे काढून देण्यापुरता. आणि 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य खिडकीपलीकडील शेतकऱ्यास न अडखळता व नजर न चुकवता सांगण्यापलीकडे त्या शास्त्रात माझी प्रगती झाली नाही. पुतण्याचे पोट मात्र त्याच शास्त्रावर चालते. सहस्रावधी लोक एकाच वेळी खेळतील असे खेळ ज्या सर्व्हरांवर चालतात, ते उभारणे हा त्याचा व्यवसाय, आणि 'स्केलेबल' हा त्याचा बीजमंत्र.

"म्हणजे नक्की काय रे?" असे मी एकदा त्यास विचारले.

"म्हणजे असं बांधायचं काका, की दहा माणसं आली तरी चाललं पाहिजे आणि दहा लाख आली तरी."

"पण दहा लाख माणसे एकदम कशाला येतील?"

"खेळ सुरू होतो त्या दिवशी येतात."

"आणि महिन्याभराने?"

"महिन्याभरानं येत नाहीत. म्हणून तर यंत्रं भाड्यानं घ्यायची."

हे ऐकताच त्याच्या व्यवसायाचे मर्म मला कळले. क्लाउड क्लाउड म्हणून ज्याचा एवढा डांगोरा पिटला जातो, तो मांडववाला होय. कार्य आपले, पाहुणे आपले, अपयश आपले. फक्त मांडव, सतरंज्या आणि पातेली त्याची, आणि जितके तास वापराल तितक्या तासांचे भाडे. ॲमेझॉनने आपला असा एक मांडव २०१६ साली मुंबईतही घातला. लंडनचा निरोप काचेच्या तारेतून प्रकाशाच्या दोनतृतीयांश वेगाने जरी निघाला, तरी जाऊन येऊन सात हजार किलोमीटर दोनदा तोडण्यास त्यास सेकंदाचा चौदावा भाग निदान लागतोच, आणि वाटेतील नाक्यांवर थांबत थांबत तो प्रत्यक्षात याहून पुष्कळच उशिरा पोहोचतो. तेव्हा आपल्या अंगणातला मांडव बरा. या विलंबास खेळाडू 'पिंग' म्हणतात, आणि हरलेल्या प्रत्येक डावाचे खापर त्याच्यावर फोडतात. आमच्या कचेरीत हीच सेवा टपालखात्याने अनेक वर्षे निष्ठेने बजावली.

गर्दी आणि कारभार यांचे हे वैर तसे जुनेच. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी केवळ शब्दांनी खेळावयाचे एक सामायिक जग रचले; ते विद्यापीठाच्याच यंत्रावर चालत असल्यामुळे बाहेरच्या खेळाडूंनी विद्यापीठ झोपल्यावर रात्री यावे अशी व्यवस्था होती. पुढे १९९७ साली अमेरिकेतील टेक्सासमध्ये 'अल्टिमा ऑनलाइन' निघाला, तेव्हा एका जगात इतकी माणसे मावणार नाहीत हे ध्यानात येऊन कर्त्यांनी त्या जगाच्या अनेक प्रती काढल्या. आता एकच राज्य दहा ठिकाणी कसे, असा प्रश्न प्रजेने विचारला असता. म्हणून त्यांनी आगाऊच अशी पुराणकथा रचली, की एका दुष्ट मांत्रिकाच्या रत्नात हे जग बंदिस्त होते, ते रत्न फुटले, आणि त्याच्या प्रत्येक तुकड्यात जगाचे एकेक प्रतिबिंब राहिले. त्या तुकड्यास इंग्रजीत 'शार्ड' म्हणतात, आणि माझ्या पुतण्याच्या धंद्यातली गंभीर माणसे आजही हा शब्द जांभई न देता वापरतात. मला विचाराल तर यात रत्न नाही आणि मांत्रिकही नाही. सर्व्हे नंबराचे पोटहिस्से पाडावेत तसे जगाचे पोटहिस्से पाडले, एवढाच त्याचा अर्थ. मात्र यंत्र अपुरे पडते ही कबुली देण्याऐवजी सृष्ट्युत्पत्तीची कथा सांगणे ही प्रशासकीय प्रतिभेची परमावधी आहे, आणि ती आमच्या कचेरीत कोणास सुचली नाही याचे मला वैषम्य वाटते.

दुसरा उपाय रांगेचा. तो सर्वांस ठाऊक आहे, आणि त्याविषयी अधिक लिहिण्याजोगे काही नाही. एक प्रकरण तेवढे अपवाद. डिसेंबर २०२१ मध्ये 'फायनल फँटसी चौदा' या जपानी खेळाचा नवा भाग निघाला आणि इतके लोक लोटले, की तासन्‌तास रांगेत काढून शेवटी एक त्रुटिक्रमांक पदरात घेऊन माणसे बाहेर फेकली जाऊ लागली. नवी यंत्रे घ्यावीत तर जगात अर्धवाहकांचा तुटवडा. तेव्हा खेळाचे निर्माते नाओकी योशिदा यांनी क्षमा मागितली, खेळाडूंना फुकट दिवस बहाल केले आणि चक्क खेळाची विक्रीच तात्पुरती थांबविली. गिऱ्हाईक दारात पैसे घेऊन उभे असता 'माल देणार नाही' असे म्हणणारे दुकानदार पुण्याच्या बाहेरही आहेत, हे वाचून ऊर भरून आला. फरक इतकाच, की योशिदांनी क्षमा मागितली.

आइसलंडकरांनी मात्र पोटहिस्से पाडण्याचे साफ नाकारले. आमचे विश्व एक, त्यात येणारा प्रत्येक मनुष्य त्याच एका विश्वात येणार, आणि एकाने दुसऱ्यास लुबाडले तर ती गोष्ट सर्वांच्या इतिहासात राहणार, असा त्यांचा बाणा. हे अविभक्त कुटुंब होय, आणि अविभक्त कुटुंबाची सगळी थोरवी व सगळे तंटे त्यात आहेत. एरवी साडेसात हजार सूर्यमाला निरनिराळ्या यंत्रांवर वाटून दिलेल्या असतात. जिता नावाच्या बाजारपेठेत बारमाही गर्दी, तेव्हा तिला स्वतंत्र आणि दणकट यंत्र. दहा ओसाड सूर्यमालांना मिळून एखादे. येथवर सारे एखाद्या जिल्ह्याच्या कारभारासारखे सुरळीत चालते. पण पंगतीला हजार पाने आहेत, ती पाचशे-पाचशेच्या दोन दालनांत मांडता येतात; युद्ध तसे दोन दालनांत मांडता येत नाही. ज्यास मारावयाचे तोच मुळी पलीकडच्या दालनात गेला, तर मारावयाचे कोणास?

आणि युद्धात नुसती माणसे वाढत नाहीत, निरोप वाढतात. दहा जहाजे एकत्र आली आणि प्रत्येकाची हालचाल इतर नवांस कळवावयाची म्हटली, तर नव्वद निरोप होतात. जहाजे हजार झाली की तेच निरोप नऊ लाख नव्याण्णव हजार होतात, आणि हे खाते दर सेकंदाला नव्याने लिहावे लागते, कारण त्या विश्वाचे घड्याळ सेकंदासेकंदाने पुढे सरकते. माणसे शंभरपट, काम अकरा हजारांहून अधिक पट, हा हिशेब ज्याने घरात लग्न काढले आहे आणि प्रत्येक व्याह्यास प्रत्येक मेहुण्याचा निरोप स्वमुखाने पोहोचविला आहे, त्यास समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

"मग आणखी यंत्रे लाव की," मी म्हणालो. त्यावर पुतण्याने जे सांगितले ते ऐकून मला माझी खुर्ची, माझे मेज आणि माझा निळ्या शाईचा टाक यांची तीव्र आठवण झाली. हा खेळ 'स्टॅकलेस पायथॉन' नावाच्या भाषेत लिहिलेला असून, तिच्या योगाने एकच कारकून हजारो फायली एकाच वेळी उघड्या ठेवू शकतो. हिच्यात एक ओळ, तिच्यात एक ओळ, असे करीत तो सर्वांना आपापले काम चालू असल्याचा विश्वास देतो. परंतु त्याच्या हातातील लेखणी एकच असते. एका सूर्यमालेस एकच कारकून. शेजारच्या खोलीत शंभर कारकून रिकामे बसलेले असोत, या मेजावरची फाईल त्यांस उचलता येत नाही. ही व्यवस्था ज्यांनी केली त्यांना लोक नावे ठेवतात, असे पुतण्या म्हणाला. मी नाही ठेवणार. चौतीस वर्षे मी त्याच व्यवस्थेचा कणा होतो.

पूर्वी अशा गर्दीत काय होई ते ऐकण्यासारखे आहे. सैनिकाने तोफेची कळ दाबावी, तोफेने पाच-दहा मिनिटे विचार करावा, आणि ती उडेपर्यंत ज्याच्यावर ती उडावयाची तो, किंवा जो ती उडविणार तो, यांपैकी कोणी तरी इहलोक सोडलेला असावा. काहीजण रणांगणात प्रवेश करीत, त्यांना केवळ काळोख दिसे, आणि काळोख ओसरे तेव्हा ते आपल्या घरच्या स्थानकात नव्या देहाने जागे झालेले असत. आपण लढलो केव्हा आणि मेलो कसे याची वार्ताही त्यांना नसे. यंत्राने हुकूम सर्वांचे घेतले, मात्र बजावणी ज्याची निघाली त्याची निघाली. कोणाची फाईल वर आणि कोणाची तळाशी, हे यंत्रही सांगू शकत नसे.

२०१२ साली कंपनीने यावर जी तजवीज केली तिचे नाव 'टाइम डायलेशन', म्हणजे काळाचे प्रसरण. कारकुनास काम झेपत नाही असे दिसताच त्याच्याकडच्या सूर्यमालांपुरता काळच मंद करावयाचा. तोफा मंद, जहाजे मंद, मृत्यूही मंद. काळ नेहमीच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत खाली उतरतो, म्हणजे खेळातले एक सेकंद सरावयास आपली दहा सेकंदे लागतात, आणि त्या अवधीत कारकून आपली खातेवही शांतपणे पुरी करतो. काम वेळेत होत नसेल तर वेळ लांबवावी, हा सिद्धांत आमच्या कचेरीत अव्याहत आचरणात होता; परंतु त्यास शास्त्राचे अधिष्ठान देऊन तो नियम म्हणून जाहीर करण्याचे धैर्य आइसलंडच्या चिमुकल्या बेटाने दाखविले.

यात एक गंमत राहिली. काळ मंद होतो तो फक्त लढाईच्या यंत्रावर. बाकीच्या सूर्यमाला दुसऱ्या यंत्रांवर असल्यामुळे तेथील घड्याळे पूर्ण वेगाने चालतात. कन्या रेवतीसाठी वर विचारण्यास ककुद्मी राजा ब्रह्मलोकी गेला, तेथे गाणे चालू होते म्हणून क्षणभर थांबला, आणि खाली येऊन पाहतो तो युगे लोटलेली, ही कथा आपल्याकडे आहे. तसेच येथे होते. रणांगणातील सैनिक एक गोळा डागून दुसरा भरीत असतो, तेवढ्यात आकाशगंगेच्या दुसऱ्या टोकाचा मनुष्य कामावरून घरी येतो, जेवतो, संगणक उघडतो, निम्मे विश्व ओलांडतो आणि त्याच लढाईत वेळेवर हजर होतो. साहजिकच गर्दी आणखी वाढते, आणि काळ आणखी मंद होतो.

तथापि या योजनेतली जी गोष्ट मला मनापासून भावली ती निराळी. हा विलंब सर्वांना सारखा आहे. तेथे सेनापतीस वेगळी खिडकी नाही, नवख्याची तोफ जितकी सुस्त तितकीच नरपुंगवाचीही, आणि कोणाची चिठ्ठी आणली म्हणून कोणाचा काळ जलद चालत नाही. आमच्या कचेरीचा विलंब असा नव्हता. तो माणूस पाहून लागे. एकच फेरफाराची नोंद एकास तीन दिवसांत मिळे, दुसऱ्यास तीन वर्षांत, आणि दोघांच्याही फाईलवर 'तातडीचे' असाच शेरा असे. मी स्वतः त्या खुर्चीत होतो, म्हणून नाव कोणाचे घेत नाही. पण विलंब टळत नाही हे एकदा मान्य केल्यावर त्याची समान वाटणी करावी, ही गोष्ट मला खेळाच्या यंत्रापासून शिकावी लागली, याची थोडी लाज वाटते.

त्याहूनही माझे मन जिंकले ते अर्जाने. मोठे युद्ध करावयाचे असल्यास खेळाडूंनी कंपनीस आगाऊ कळवावे. अमुक सूर्यमाला, अमुक तारीख, अमुक वेळ, अदमासे इतके लोक. म्हणजे त्या सूर्यमालेस त्या दिवसापुरते दणकट यंत्र नेमून देता येते. महायुद्धासाठी विहित नमुन्यात अर्ज! मी पुतण्यास विचारले, की शत्रुपक्षाची ना-हरकत जोडावी लागते काय? लागत नाही म्हणे. मुद्रांक? तोही नाही. या दोन त्रुटी वगळता मला ती पद्धत निर्दोष वाटली. दुर्योधनाने असा अर्ज वेळेवर केला असता, तर अठरा अक्षौहिणींच्या पाण्याची सोय तरी नीट झाली असती.

परंतु सर्वच युद्धे अर्ज करून होत नाहीत, आणि याचा दाखला म्हणून पुतण्याने मला जी हकिकत सांगितली ती ऐकताना माझ्यातील महसुली रक्त सळसळले. २०१४ सालच्या जानेवारीच्या २७ तारखेस, बी-आर५आरबी नावाच्या एका सूर्यमालेच्या स्वामित्वाचा हप्ता भरावयाचा राहिला. एवढेच. एका बलाढ्य संघाचे ठाणे तेथे होते, सरकारदेणे वेळेवर जमा झाले नाही, मालकी उघडी पडली, आणि प्रतिपक्ष कब्जा घेण्यास धावला. थकबाकीवरून जप्त्या मी पुष्कळ पाहिल्या. म्हशी, कपाटे, एकदा तर देवघरातली समई. जप्तीस साडेसात हजार माणसे आलेली मात्र कधी पाहिली नाहीत. त्या लढाईत एकूण ७,५४८ खेळाडू उतरले, एकवीस तास ती चालली, आणि 'टायटन' जातीच्या ७५ महानौका त्यात भस्म झाल्या. एक टायटन बांधण्यास अनेक माणसांची अनेक आठवड्यांची मेहनत लागते, आणि खेळातील संपत्तीचा बाजारभाव धरून झालेले नुकसान तीन लाख डॉलरांच्या घरात गेले, असा तेव्हा अंदाज निघाला. काळ दहाव्या हिश्श्याने चालत होता, तेव्हा त्या एकवीस तासांत युद्धभूमीवर जेमतेम दोन-सव्वादोन तासच सरले. बाकीचे अठरा-एकोणीस तास कारकून लिहीत होता.

हरणाऱ्या पक्षास तरणोपाय एकच होता. ग्रिनिचचे सकाळचे अकरा वाजेपर्यंत तग धरणे. अकरा वाजले की झाडलोट, आणि झाडलोट म्हणजे युद्धविराम. जयद्रथास सूर्यास्तापर्यंत लपवून ठेवण्यासाठी कौरवांनी जी धडपड केली तीच येथे महानौकांसाठी चालली होती, फक्त येथे सुदर्शनाने सूर्य झाकण्याची सोय नव्हती. लंडनच्या यंत्रशाळेतील घड्याळाशी कृष्णाचेही काही चालले नसते. अकरा वाजले आणि विश्व बंद झाले. आपल्याकडे त्या वेळी साडेचार झाले होते. पुतण्या रात्रभर जागून त्या गर्दीत एका लहानशा नौकेवर होता, असे त्याने आता सांगितले. त्या दिवशी कामावर त्याने पोटदुखीची रजा घेतली होती, हेही आताच कळले.

त्यानंतर यंत्रे सुधारली. लेखणी अधिक जलद झाली, आणि ती जलद झाल्याचे कळताच माणसे अधिक आली. ऑक्टोबर २०२० मध्ये एफडब्ल्यूएसटी-८ नामक सूर्यमालेत एकाच वेळी ६,५५७ खेळाडू हजर होते, आणि गिनेसवाल्यांनी त्याची विक्रम म्हणून नोंद घेतली. मी कागदावर गुणाकार करून पाहिला. प्रत्येकाचा निरोप प्रत्येकास म्हटले तर ४,२९,८७,६९२ होतात. हा आकडा मी दोनदा पडताळला आणि खाली सही केली, सवयच ती. काळ तेथेही मंदच झाला. तालुक्याला नवी इमारत बांधली, खिडक्या दोनाच्या सहा केल्या, तेव्हा सहाही खिडक्यांपुढे रांगा लागल्या होत्या, हे पुतण्यास सांगितले तर तो म्हणाला, "काका, आमच्याकडे यालाच यश म्हणतात."

मागच्या रविवारी मी हट्ट धरला, की ती बी-आर५आरबी मला दाखव. कंपनीने त्या लढाईतील टायटनांचे सांगाडे स्मारक म्हणून तेथे कायमचे ठेवले आहेत. बऱ्याच सूर्यमाला ओलांडून, वाटेत एका लुटारूस चुकवून, आम्ही तेथे पोहोचलो. काळ्या आकाशात ते प्रचंड मोडके लोखंड निवांत तरंगत होते, आणि हे सारे एका न भरलेल्या हप्त्यापायी, असे म्हणून मी पुतण्यास त्याचे विजेचे बिल भरले काय ते विचारून घेतले. आसपास दुसरे कोणी नव्हते. कोपऱ्यातील घड्याळ पूर्ण वेगाने चालले होते, आणि चार वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.